आठवडी बाजाराचं पाल कसं असावं? वास्तुकलेच्या वर्गाला आणि ग्रामपंचायतीला उपयोगी पडेल असा निसर्गाचा हिशोब

आपल्याकडे बऱ्याच गावांत आठवडी बाजाराच्या जागेवर सिमेंटचे ओटे आणि वर पत्र्याचं शेड दिसतं. बाजाराच्या दिवशी मात्र माळवं विकणाऱ्या बाया ओटा सोडून खाली गोणपाट टाकून बसतात आणि ओट्यावर मोटारसायकली नाहीतर रिकामे क्रेट असतात. मग "लोकांना शिस्तच नाही" असं म्हणून विषय मिटवला जातो. पण जरा थांबून बघितलं तर कारणं दिसतात. पत्रा दुपारी तापतो. ओट्याची रांग गिऱ्हाइकाच्या जाण्यायेण्याच्या वाटेपासून आत पडते. पाट्या आणि क्रेट उतरवायला टेम्पो जवळ येत नाही. म्हाताऱ्या माणसाला ओट्यावर चढता येत नाही. म्हणजे नकाशा रिकाम्या मैदानाचा काढला गेला, भरलेल्या बाजाराचा नाही.

यात नुकसान कुणाचं होतं, तर पालेभाजीवाल्याचं. मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू हा माल पहाटे काढलेला असतो. अकरानंतर ऊन लागलं की जुडी मान टाकते आणि मग गिऱ्हाईक सांगेल त्या भावाला द्यावी लागते. महिनाभर पाणी, खत, खुरपणी करून पिकवलेल्या मालाचा भाव शेवटच्या दोन-तीन तासांच्या सावलीवर ठरतो. म्हणून बाजारातलं छप्पर ही शोभेची गोष्ट नाही, शेतकऱ्याच्या पैशाची गोष्ट आहे.

वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते. सुरुवातीच्या वर्षांत विद्यार्थ्यांना लहान बांधकामांचे अभ्यास देतात, जसं की बसथांबा, टपरी, बाजारातला गाळा. यातलाच बाजाराचा अभ्यास परिसरशास्त्राच्या नजरेने केला तर काय हाती लागतं, ते या लेखात बघू.

परिसरशास्त्र म्हणजे झाडं लावणं नव्हे

इंग्रजीत ज्याला इकॉलॉजी म्हणतात तो शब्द १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने तयार केला. ग्रीक भाषेत ओइकोस म्हणजे घर, त्यावरून तो आला. सजीव एकमेकांशी आणि आपल्या जागेशी कसे जोडलेले असतात, याचा अभ्यास म्हणजे परिसरशास्त्र. शेतकऱ्याला हे नवीन नाही. तुरीत मूग का घ्यायचा, बांधावर बोर का ठेवायची, पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघतं, हे सगळं त्यातच येतं.

नगररचनेत हा विचार आणणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचं नाव पॅट्रिक गेडीस. हा माणूस मूळचा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ, वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक. १९१४ मध्ये तो भारतात आला, अनेक शहरांच्या पाहणीचे अहवाल लिहिले आणि १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवलं. त्याचा आग्रह असा की डॉक्टर जसा आधी तपासतो आणि मग औषध देतो, तसं गावाचं आधी निदान करा. जुनं सरसकट पाडू नका. जिथं दुखतं तिथंच हात लावा.

पुढे १९६९ मध्ये इयन मॅकहार्ग या अमेरिकेत शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक आलं. त्याची पद्धत सोपी आहे. एकाच जागेचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढायचे. एकावर उतार, एकावर पाणी, एकावर माती, एकावर झाडी. मग ते एकावर एक ठेवायचे. कुठं बांधावं आणि कुठं बांधू नये, ते आपोआप दिसायला लागतं. ही पद्धत मोठ्या प्रदेशासाठी वापरली गेली, पण बाजारतळासाठीही ती तितकीच कामाची आहे.

आधी बाजार वाचायचा

विद्यार्थ्यांनी पेन्सिल उचलण्याआधी निदान तीन-चार बाजार पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसून बघायला हवेत. त्यातला एक उन्हाळ्यातला आणि एक पावसाळ्यातला हवाच. मग कागद तयार करायचे.

पहिला कागद उन्हाचा: नऊ, बारा, तीन आणि पाच वाजता सावली कुठं पडते. दुसरा पाण्याचा: पाऊस झाल्यावर चिखल कुठं साठतो, उतार कुणीकडे. तिसरा वाऱ्याचा: धूळ आणि भज्याच्या कढईचा धूर कुठल्या बाजूला जातो. चौथा माणसांचा: गिऱ्हाईक कुठून आत येतं, कुठं थांबतं, एस.टी. स्टँडवरून येणारी माणसं कुठल्या वाटेने जातात. पाचवा मालाचा: टेम्पो कुठं उभा राहतो, उरलेला माल आणि पाला कुठं टाकला जातो.

हे पाच कागद एकावर एक ठेवले की कळतं, चिंचेखालची जागा माळवंवाल्यांनी का धरली आहे आणि कपडेवाला रस्त्याच्या कडेला का बसतो. बाजाराला आपली एक रचना असते. ती कुणी कागदावर काढलेली नसते, पिढ्यानपिढ्या बसून बसून तयार झालेली असते. नव्या रचनेने ती समजून घ्यायची असते, मोडायची नसते.

सावली सरकते, तिचा हिशोब

आपल्या पालात एक चूक कायम दिसते. छत बरोबर डोक्यावर असतं, पण ऊन तिरकं येतं.

समजा पाल सहा फूट रुंद आणि सात फूट उंच आहे. एप्रिलमध्ये आपल्या भागात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य पश्चिमेकडे साधारण ४५ अंशांवर असतो. ४५ अंशांच्या उन्हात सावली छताच्या उंचीइतकी सरकते, म्हणजे सात फूट पूर्वेला. पाल आहे सहा फुटांचं. म्हणजे त्या वेळी जमिनीवर मांडलेल्या मालावर छताची सावली उरतच नाही, ती मागच्याच्या मालावर पडते. बाई डोक्यावर ताडपत्री असून उन्हात बसलेली असते, ती यामुळे.

उपाय महागाचा नाही. पश्चिमेकडची कड खाली घ्यायची, नाहीतर त्या बाजूला गोणपाटाचा किंवा शेडनेटचा पडदा सोडायचा आणि दुपारनंतर तो खाली ओढायचा. आपल्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा पडद्याचा उपयोग नाही, छताचा आहे. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणजे एकच पाल वर्षभर एकाच पद्धतीने चालत नाही. ते बदलता यायला हवं.

दुसरा प्रश्न पत्र्याचा. पत्रा पातळ, तो लगेच तापतो आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर उष्णता फेकतो. झाडाखाली तसं होत नाही, कारण झाडाला पानांचे अनेक थर असतात, मधून वारा जातो आणि पानं पाणी सोडत असल्याने हवा गार होते. पालाला पानांसारखं पाणी सोडता येणार नाही, पण थर देता येतात. वर एक छत, त्याखाली अर्धा-पाऊण फूट मोकळी जागा सोडून चटईचं किंवा कापडाचं दुसरं. वरचं तापतं, मधली गरम हवा वाऱ्याने निघून जाते आणि खालचं फारसं तापत नाही. शेडनेट आपण रोपवाटिकेला वापरतोच. उन्हाळ्यात फक्त शेडनेट आणि पावसाळ्यात त्यावर ताडपत्री, ही जोडीसुद्धा चालते.

आणि बाजारतळावर वड, लिंब, चिंच असेल तर तिच्या बुंध्याला टेकून सिमेंटचा पार बांधू नये. मुळांना हवा आणि पाणी लागतं. पार बांधायचाच असेल तर बुंध्याभोवती माती उघडी ठेवावी.

बांधाची कड आणि बाजाराचा कोपरा

शेताच्या मध्यापेक्षा बांधावर जास्त प्रकारचं गवत, जास्त किडे, जास्त पाखरं असतात. जिथं दोन प्रकारच्या जागा भेटतात तिथं जीव वाढतात. परिसरशास्त्रात याला कडेचा परिणाम म्हणतात. बाजारातही तसंच आहे. कोपऱ्यावरच्या जागेसाठी भांडणं होतात, कारण तिथं दोन वाटांचं गिऱ्हाईक येतं.

लांबलचक सरळ रांगेत ओटे बांधले की कोपरे फक्त चार. बाकीचे सगळे मधले. त्याऐवजी पालं एकाआड एक थोडी मागेपुढे घेतली तर प्रत्येकाला लहानसा कोपरा मिळतो. गिऱ्हाइकाला वाट न अडवता थांबून जुडी निवडता येते. विद्यार्थ्यांनी हे कागदावर करून बघावं. तेवढ्याच जागेत तेवढीच पालं, पण किती जणांना दोन बाजूंनी गिऱ्हाईक मिळालं ते मोजावं.

शेजार कुणाचा, हेही बघायचं. मिरची, कोथिंबीर आणि टोमॅटोवाले जवळ असले की तिघांचाही माल जातो. पण भजीवाल्याची भट्टी वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि पालेभाजी खालच्या अंगाला, असं झालं की धग आणि धूर दोन्ही भाजीवर.

मूळ कायमचं, पीक हंगामी

आठवडी बाजार आठवड्यात एक दिवस. बाकीचे सहा दिवस त्या मैदानावर पोरं खेळतात, कुणी धान्य वाळवतं, लग्नाचा मांडव पडतो. कायमचं शेड बांधलं की ही सगळी कामं अडतात.

निसर्गात एकच जागा वेगवेगळे जीव वेगवेगळ्या वेळी वापरतात. दिवसा पाखरं, रात्री घुबड. वेळेची ही वाटणी रचनेत आणता येते. प्रसिद्ध वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या फुटपाथसाठी अशी कल्पना मांडली होती. फुटपाथच्या कडेने ओटे आणि पाण्याचे नळ. दिवसा तिथं फेरीवाल्यांनी बसायचं, संध्याकाळी ओटे धुवायचे आणि रात्री ज्यांना घर नाही त्यांनी त्यावर झोपायचं. 'द न्यू लँडस्केप' या त्यांच्या पुस्तकात शहरातल्या गरिबांच्या जागेचा हा विचार वाचायला मिळतो.

आपल्या बाजारतळासाठी याचा अर्थ असा घेता येईल. हराळी वरून कापली तरी मुळातून पुन्हा येते. तसं जमिनीत राहणारं तेवढंच कायमचं ठेवायचं: खांब रोवायला झाकणाचे पाइप, पाणी काढणारी नाली, नळ, झाडं आणि थोडी उंच, मुरमाची दाबलेली जमीन. वरचं पाल बाजाराच्या सकाळी उभं राहील आणि संध्याकाळी मोडून टेम्पोत जाईल. पाइप आधीच रोवलेले असले की दगडाने खुंट ठोकायला नको आणि वावटळीत पाल उडायची भीती कमी होते.

माल ताजा ठेवण्याची मातीची युक्ती

माठातलं पाणी गार होतं, कारण पाझरलेलं पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे पुसाने, बिनविजेचा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू. दिवसातून दोनदा वाळू आणि भिंती भिजवायच्या, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकतं आणि ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास. साधारण १०० किलो माल त्यात मावतो.

उत्तर नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून मध्ये ओली वाळू भरली आणि ही जोडमडकी बाजारात भाजी विकणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोचवली. त्याला २००० मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला.

बाजारतळाच्या नळाजवळ सामायिक वापराचा असा एक कक्ष असला तर दुपारी उरलेली कोथिंबीर संध्याकाळच्या गिऱ्हाइकापर्यंत टिकेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. ही युक्ती कोरड्या हवेत चालते. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेव्हा फार फरक पडत नाही.

बांबू, गाठ आणि कचरा

पालासाठी बांबू चांगला, पण तीन वर्षांपेक्षा कोवळा नको आणि तोड पावसाळ्यानंतरची हवी. कोवळ्या बांबूत साखर आणि पिष्ट जास्त, त्याला भुंगा लवकर लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवला तर जास्त टिकतो. खिळा मारला की बांबू चिरतो, म्हणून काथ्याची किंवा सुतळीची गाठ, नाहीतर भोक पाडून बोल्ट. गाठीचं पाल मोडता येतं आणि एक बांबू खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेताच्या बांधावर बांबू लावून तोच बाजाराला वापरणं सोपं झालं आहे.

निसर्गात कचरा म्हणून काही उरत नाही, एकाचं उरलेलं दुसऱ्याचं खाणं होतं. बाजारातला पाला, कोबीची पानं, सडका टोमॅटो शेळ्यांना नाहीतर खतात जाऊ शकतो. अडचण येते प्लॅस्टिकची. पाल्यात पिशव्या मिसळल्या की जनावर त्या खातं आणि खत कुणी घेत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, तरी बाजारात त्या दिसतात. म्हणून पालाच्या रचनेतच दोन जागा हव्यात, एक पाल्याची आणि एक बाकीच्याची. खतखड्डा बाजारतळाच्या खालच्या उताराला आणि पिण्याच्या पाण्यापासून लांब.

पाण्याचाही हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सहा बाय आठ फुटांचं पाल साधारण साडेचार चौरस मीटरचं. २० मिलिमीटरची सर आली तर एका पालावरून जवळजवळ ९० लिटर पाणी उतरतं. त्याला वाट दिली नाही तर ते शेजारच्याच्या मालावर जातं. दहा पालांची पन्हाळ जोडली तर ओटे धुण्यापुरतं आणि हात धुण्यापुरतं पाणी तिथंच साठतं.

वारुळासारखं दिसणं आणि वारुळासारखं वागणं

निसर्गाकडून शिकायचं म्हणून पानाच्या आकाराचं छप्पर काढलं, एवढ्याने काम होत नाही. झिंबाब्वेच्या हरारे शहरात मिक पिअर्स यांनी रचलेली ईस्टगेट सेंटर ही इमारत १९९६ मध्ये उभी राहिली. वाळवीच्या वारुळावरून प्रेरणा घेतलेली. रात्रीची गार हवा आत घेऊन जाड काँक्रीट गार करायचं आणि दिवसा त्याचा उपयोग करायचा, म्हणजे नेहमीच्या एअर कंडिशनिंगची गरज पडत नाही. पुढे वारुळांचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की वारूळ हवा खेळवतं ते तेव्हा समजत होतो तसं नाही, त्याचं काम फुप्फुसासारखं जास्त आहे. इमारत चालते, पण निसर्गाबद्दलची समजूत बदलली. यातून विद्यार्थ्यांनी घ्यायचं ते असं की आकाराची नक्कल करून भागत नाही, आपल्या जागेवर मोजून बघावं लागतं.

बांधून बघा, बाजारात बसवून बघा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाने १९९३ मध्ये रुरल स्टुडिओ सुरू केला. वास्तुकलेचे विद्यार्थी गरीब खेड्यांत राहतात, तिथल्या लोकांसाठी स्वतःच्या हाताने घरं आणि सार्वजनिक जागा बांधतात. एका ठिकाणी त्यांनी मोटारींच्या काचा वापरून छत केलं. गुण कागदावरच्या चित्राला नाही, उभ्या राहिलेल्या कामाला.

आपल्या जवळच्या कॉलेजांना हे करायला अलाबामाला जायची गरज नाही. दोन-चार पालं तयार करून एका बाजारात चार आठवडे वापरायला द्यावीत. दुपारी तीनला पत्र्याखाली, साध्या ताडपत्रीखाली आणि नव्या पालाखाली थर्मामीटर लावावा. जुडी किती वाजता मान टाकते ते लिहावं. पाल उभारायला दोन बायांना किती मिनिटं लागतात ते मोजावं. आणि बसणाऱ्या बाईला विचारावं, पुढच्या बाजाराला हेच घेशील का? तिने नको म्हटलं तर का नको, ते उत्तर गुणपत्रिकेत जायला हवं.

गावाच्या बाजूनेही करण्यासारखं आहे. बाजाराचा कर ग्रामपंचायत घेते किंवा त्याचा लिलाव करते, म्हणजे बाजारतळावरच्या खर्चाबद्दल विचारण्याचा हक्क तिथं बसणाऱ्यांना आहे. पुढच्या वेळी ओटे किंवा शेडचा विषय ग्रामसभेत आला तर एवढं विचारा:

१. नकाशा काढणाऱ्याने भरलेला बाजार किती वेळा पाहिला?
२. दुपारी साडेतीनला सावली कुठं पडणार?
३. पाऊस पडल्यावर पाणी कुणीकडे जाणार?
४. पाला कुठं टाकायचा?
५. बाकीचे सहा दिवस या जागेचा उपयोग काय?
६. माळवं विकणाऱ्या बायांपैकी किती जणींना विचारलं?

यातल्या चार प्रश्नांची जरी उत्तरं नसली तर ठराव एक महिना पुढे ढकला आणि जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाला पत्र लिहून विद्यार्थ्यांना बाजारात बोलवा. पत्राला खर्च नाही, आणि एकदा ओतलेलं काँक्रीट फोडून काढायला मात्र पुन्हा निधी लागतो.